लिसावेताचं जितेपणीचं दान

समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच दोच्काला कळायचं की आता हा काय विचारणार. बेकेतच्या धक्क्यावरच्या खाणावळीत ती सकाळचं सूप रांधायची. पलीकडे जाणारे ट्रकवाले फेरीबोटीची वाट बघत तिथे बसायचे, आणि दोन चमचे पोटात गेले की तिच्या बोलण्यातला हेल ओळखून कुणीतरी विचारायचाच, "बाई, तुम्ही पलीकडच्या ना? मग खरं सांगा, माणसं कुठली बरी? त्यांची का आमची?"

छत्तीस वर्षं ती या प्रश्नाला तोंड देत होती. पहिली दहा वर्षं हौसेने उत्तर दिलं, पुढची दहा चिडून दिलं. पळसाला पाने तीनच, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. पण ते कुणाला ऐकायचं नसतं. म्हणून हल्ली ती एवढंच म्हणायची, "पाव आणखी देऊ का?"

डॅन्यूब नदी एकच. अलीकडे रोमानियाचं बेकेत, ताटासारखं सपाट, वाळू आणि कलिंगडं. पलीकडे बल्गेरियाचं ओर्याहोवो, कड्यावर चढून बसलेलं, उतारावर द्राक्षमळे. इकडच्यांना पुराची धास्ती, तिकडच्यांना दरडीची. तिकडचे म्हणायचे, आम्ही तुमच्याकडे वरून बघतो. इकडचे म्हणायचे, बघा खुशाल, तुमची माती नदी आमच्याच शेतात आणून टाकते. बेकेतात बल्गेरियन म्हणजे जाड मानेचा, हट्टी, भाजीच्या वाफ्यात जन्मला नि वाफ्यातच मरणार. ओर्याहोवोत रोमानियन म्हणजे मक्याची उकड खाणारा, जिभेला हाड नसलेला, शब्द देऊन विसरणारा. आता गंमत अशी, की दोच्काचा रोमानियन नवरा मारिन दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा आणि एकदा बोलला की मोडायचा नाही. आणि बल्गेरियन दोच्काच्या हातून साधी कांद्याची पात धड उगवत नसे. पण हे तिने दोन्हीकडे कितीही सांगितलं तरी लोक म्हणत, तुमची गोष्ट वेगळी.

मान वरखाली केली की इकडे होय होतं आणि तिकडे नाही. तिने मान हलवायचीच सोडून दिली होती.

मारिन जाऊन सहा वर्षं झाली. तो फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करायचा. त्या दोरानेच तिला इकडे ओढून आणलं असं तो लग्नात म्हणाला होता, आणि त्याच्या दहा शब्दांत ते बसलं म्हणून तिला ते फार आवडलं होतं. मूलबाळ झालं नाही. मरताना त्याने तिचा हात धरून सांगितलं, "आईला टाकू नकोस." ती म्हणाली, नाही टाकणार. त्या वेळी सासूबाई लिसावेता ऐंशीची होती आणि वर्ष-दोन वर्षांचाच प्रश्न आहे असं डॉक्टर म्हणाला होता. पुढे डॉक्टरच वारला.

ओर्याहोवोत दोच्काच्या भावाने, गेंचोने, वडिलांच्या घरातली कड्याकडची खोली तिच्यासाठी ठेवली होती. सहा वर्षांत त्या खोलीला तीनदा चुना दिला. "तू ये गं," तो दर फोनवर म्हणायचा, "खोली वाट बघतेय." आणि दोच्का म्हणायची, "आता काय, म्हातारी आहे तोवर." हे म्हणताना तिला स्वतःची शरम वाटायची, कारण आपण काय बोललो ते तिला ठाऊक असायचं. म्हातारी मरायची वाट बघणारी बाई, ही काही कुठल्याच किनाऱ्यावर चांगली गणली जात नाही. पण तिला घरी जायचं होतं. अठ्ठावन्न वर्षांची झाली होती, गुडघे दुखत होते, आणि जिथे आपल्याला कुणी "पलीकडची" म्हणणार नाही अशा ठिकाणी तिला एकदाचं बसायचं होतं.

मे महिन्यात एके दिवशी लिसावेताने वाटाणे सोलता सोलता सांगितलं, "पोरी, यंदा माझी पोमाना उरकून टाकू."

दोच्काच्या हातातली शेंग हातातच राहिली. मेलेल्याच्या नावाने जे वाटायचं ती पोमाना. ज्याला दिलं त्याने ते वापरलं की वर ज्याच्या नावाने दिलं त्याला ते मिळतं. ताटली दिली तर ताटली, चादर दिली तर चादर. बेकेताकडची काही म्हातारी माणसं हे सगळं जिवंतपणीच स्वतःच्या डोळ्यांदेखत उरकून घेतात, हे दोच्काने पाहिलं होतं. पण आपल्या घरात तो दिवस येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"एवढी काय घाई आहे, आई? मी आहे ना मागे करायला."

"तू आहेस गं. पण तू पडलीस पलीकडची. तुम्ही गव्हाच्या घुगऱ्या वाटता, थडग्यावर दारू ओतता, झालं. उद्या तू पलंग द्यायला विसरलीस तर मी वर काय जमिनीवर झोपू? माझी कंबर बघतेस ना?"

"नाही विसरणार."

"मारिनच्या वेळी कंगवा विसरलीस."

ती कंगवा खरंच विसरली होती, आणि वर्षातून चार वेळा तरी लिसावेता मारिनच्या विस्कटलेल्या केसांची आठवण काढायचीच.

दिवस ठरला तो पेन्टेकॉस्टच्या सणाच्या आधीचा शनिवार. मेलेल्यांचा हा शनिवार दोन्ही किनाऱ्यांवर एकच असतो. इकडे मडक्यांत फुलं घालून ती शेजारीपाजारी देतात, तिकडे अक्रोडाच्या पानांवर चेरी वाटतात. मग यादी करायला बसल्या. लिसावेता सांगत होती आणि दोच्का कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहीत होती. पाण्याची बादली नि पेला पाद्रीबाबाच्या बायकोला. टेबल आणि चार खुर्च्या समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याला. कंदील शाळामास्तरला, कारण वर अंधार असतो. आरसा, टॉवेल, आणि हो, कंगवा. नवा पलंग, त्यावर गादी, दोन उशा आणि लिसावेताने स्वतः विणलेली लाल पट्ट्यांची रजई, हे सगळं आउरिकाला. आउरिका म्हणजे लिसावेताची भाची, शेजारच्याच घरात राहणारी विधवा, जिचा डोळा रजईवरच नव्हे तर अख्ख्या घरावर होता. ती येता-जाता भिंतींना हात लावून बघायची.

यादी संपली. दोच्काने पेन खाली ठेवलं आणि हसत हसत विचारल्यासारखं विचारलं, "आणि मला काय?"

लिसावेताने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने उपासाच्या शुक्रवारी मटण मागितलं.

"तुला कसं देणार? घरच्या माणसाला दिलेलं पोचत नाही. उजव्या हाताने डाव्या हाताला दिल्यासारखं ते. इतकी वर्षं राहून एवढं माहीत नाही तुला?"

तू घरची आहेस, असं म्हातारीने छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि तेही काही द्यायचं नाही म्हणून. दोच्काला हसावं का रडावं कळेना. तिने वाटाण्याची सालं उचलली आणि कोंबड्यांना टाकायला बाहेर गेली.

त्याच आठवड्यात गेंचोचा फोन आला. दोच्का दिवसभर पलंगाला व्हार्निश लावून दमली होती. एका हाताने फोन धरून ती चुलीवरचं भांडं उतरवत होती. म्हणाली, "शनिवारी आमच्याकडे सासूबाईंची पोमाना आहे. तू ये. चेरी आण, इकडच्या अजून आंबट आहेत."

पलीकडे गेंचोचा आवाज एकदम उतरला. मग म्हणाला, "देव क्षमा करो."

"देव क्षमा करो," दोच्काही म्हणाली, आणि फोन ठेवला.

चूक झाली ती इथे. पोमानाची वस्तू घेताना घेणाऱ्याने "देव क्षमा करो" म्हणायचं, मग देणारा मेलेला असो की समोर पाय पसरून बसलेला असो, ही बेकेताची रीत. ओर्याहोवोत हे शब्द फक्त मेलेल्या माणसासाठी आहेत. आणि माणूस जिवंत असताना त्याचं असलं काही घालतात हे तिथे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. छत्तीस वर्षांपूर्वीची दोच्का असती तर भावाचा आवाज ऐकून तिच्या लगेच लक्षात आलं असतं. पण मधल्या काळात ती नकळत इतकी इकडची झाली होती की तिला ते जाणवलंच नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. दोच्काच्या बाबतीत तो दोन्ही घरच्या रीतीही थोड्या थोड्या विसरत चालला होता.

गेंचोने आणखी काही विचारलं नाही. दुःखाच्या घरात फार चौकशा करू नयेत असं त्याला वडिलांनी शिकवलं होतं. त्याने जे करायचं ते केलं.

शनिवारी सकाळी अंगणात तुतीखाली लांब टेबल मांडलं. पाद्रीबाबा येऊन धूप दाखवून गेला. गव्हाच्या गोड घुगऱ्यांवर साखरेचा क्रूस काढला होता, सफरचंदं नि कडबोळी टांगलेली फांदी बादलीत उभी केली होती, आणि अंगणाच्या मधोमध नवा पलंग, गादी-उशा घालून, रजई पसरून, चारी कोपऱ्यांना मेणबत्त्या बांधून ठेवला होता. लिसावेता काळा रुमाल बांधून पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली होती आणि शेजाऱ्यांना रजईचं विणकाम दाखवत होती. दोच्का पहाटेपासून उभी होती. कोंबडीचं सूप, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, मक्याची उकड, सगळं तिच्याच हातचं. आउरिका पलंगाचा पाय हलवून बघत होती की लाकूड खरं आहे ना.

फाटकाबाहेर गेंचोची पाव पोचवायची गाडी थांबली. दोच्का हात पुसत पुढे गेली. गेंचो काळा कोट घालून उतरला, मागून त्याच्या शेजारचे नवरा-बायको उतरले, आणि त्यांच्यामागून दोच्काची राद्का मावशी, हातात सहा लिली. ओर्याहोवोत जिवंत माणसाला सम संख्येची फुलं कुणी देत नाही. दोच्काने ती सहा फुलं मोजली, आणि मग पुन्हा मोजली.

पण तेवढ्यात गेंचोने तिला मिठीत घेतलं. तो मनाने चांगला माणूस, आणि आवाजाने मोठा.

"सुटलीस, दोच्के," तो आपल्या भाषेत म्हणाला. "सहा वर्षं वाट बघितलीस, देवाने ऐकलं. खोलीला परत चुना दिलाय. गाडी मुद्दाम रिकामी आणलीय, आजच सामान भरू. आता यांचं-तुझं काय राहिलंय?"

"गेंचो, गप्प बस."

"का गप्प? रडायचं ते रड, पण माझ्यापाशी सोंग कशाला? म्हातारी मरेना आणि मला निघता येईना, हे तूच म्हणायचीस ना?"

मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. काळ्या रुमालातली म्हातारी खुर्चीत ताठ बसून त्याच्याकडे बघत होती. गेंचोचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि त्याने क्रूसाची खूण केली. अभद्र टळावं म्हणून राद्का मावशी रुमालाआड तीनदा थुंकली.

लिसावेताला बल्गेरियन येत नाही असं सगळे धरून चालत. पण नदीकाठची माणसं दुसऱ्याची भाषा न येण्याचं सोंग फार छान करतात, आणि तिने तर सगळी उमर धक्क्यावर मासे विकण्यात घालवली होती. तिला गिऱ्हाइकाचं सगळं कळायचं, फक्त उत्तर द्यायचं नसलं की कळायचं नाही. दोच्काने वळून सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि म्हणूनच तिला कळलं की म्हातारीने सगळं ऐकलंय.

"पाहुण्यांना बसव," लिसावेता म्हणाली. "आणि त्या बाईच्या हातात कागद कसला आहे?"

राद्का मावशीच्या हातात लिलींबरोबर एक छापील कागद होता. काळी चौकट, वर क्रूस, मधे लिसावेताचा फोटो. कुणी गेलं की ओर्याहोवोत असा कागद विजेच्या खांबांवर, झाडांवर, बेकरीच्या दारावर चिकटवतात. मग चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, आणि मग वर्षानुवर्षं. फोटो दोच्कानेच ईस्टरला भावाला पाठवलेला.

"काही नाही, आई. देवळाचं काहीतरी आहे."

"देवळात माझा फोटो कधीपासून लागला? वाच."

छत्तीस वर्षं दोच्का दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेत होती, आणि नेता नेता त्यातले काटे काढत होती. आज तिच्यात तेवढाही जोर उरला नव्हता. तिने कागद घेतला आणि जसा होता तसा वाचून दाखवला: अत्यंत दुःखाने कळवतो की आमच्या प्रिय विहीणबाई लिसावेता वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी आम्हाला सोडून गेल्या. त्या साध्या होत्या, कष्टाळू होत्या. शोकाकुल सून दोच्का आणि समस्त व्याही मंडळी.

मास्तरने हसू आवरायला मिशीवरून हात फिरवला.

"शहाऐंशी," लिसावेता म्हणाली. "एक वर्ष जास्त घातलंय. आणि रुमाल वाकडा आलाय फोटोत. किती लावले?"

दोच्काने गेंचोला विचारलं. गेंचो मान खाली घालून म्हणाला, "चाळीस."

"चाळीस," लिसावेताने सगळ्यांकडे पाहिलं. "ऐका. आमच्या गावात एक तरी लागला असता का?"

राद्का मावशीचा मात्र ताबा सुटला होता. "विचार तिला," ती दोच्काला म्हणाली, "हे काय चाललंय? जिवंत बाई स्वतःच्या मर्तिकाला बसलीय? देवाला तोंड दाखवायचंय की नाही? तुमच्याकडे लोकांना लाज म्हणून नाहीच का?"

दोच्काने भाषांतर केलं नाही. लिसावेता कुणाच्या भाषांतरासाठी थांबलीही नाही.

"तिला म्हणावं, तुम्ही मेलेल्याचं तोंड खांबाखांबावर चिकटवता, पाऊस पडतो, ऊन लागतं, कुत्रं टांग वर करतं, वर्षं वर्षं तसंच. त्याची लाज नाही. आणि मी माझ्या हाताने माझा पलंग दिला तर थुंकतेस? बस आणि जेव. लिली पाण्यात घाल, सुकतील."

मास्तर आता उघड हसला. आउरिका म्हणाली, "जाड मानेची माणसं, डोक्यात शिरायला वेळ लागतो," आणि गेंचोबरोबरचा शेजारी, ज्याला तेवढं रोमानियन येत होतं, तो म्हणाला, "आणि तुम्ही उकड खाणारे, मरायचंसुद्धा आधी नाटक करून बघता." यावर दोन्हीकडचे हसले. नेहमीचंच झालं, दोन गावं एकमेकांना टोचून झाली की जेवायला बसतात. फक्त दोच्का हसली नाही. ती सासूकडे बघत होती आणि सासू तिच्याकडे बघत नव्हती.

काय सांगणार होती ती? की मी तसं म्हणाले नव्हते? ती म्हणाली होती. की तसं मनात नव्हतं? होतं. सहा वर्षं ती या बाईला अंघोळ घालत होती, नखं कापत होती, आणि सहा वर्षं मनात एका खोलीचा चुना वाळत होता. दोन्ही खरं होतं, आणि हे कुठल्याच भाषेत नीट सांगता आलं नसतं.

मग वाटप सुरू झालं. लिसावेता उभी राहिली. ज्याला द्यायचं त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव मोठ्याने घ्यायचं, त्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यायची, वस्तूला हात लावायला सांगायचं. बादली गेली. टेबल-खुर्च्या गेल्या. कंदील गेला. प्रत्येकाने म्हटलं, "देव क्षमा करो." गेंचो आणि राद्का मावशी बाकावर अंग चोरून बसली होती, ते शब्द ऐकले की दर वेळी क्रूसाची खूण करत होती.

पलंगाची पाळी आली. आउरिकाने हात ॲप्रनला पुसले आणि एक पाऊल पुढे टाकलं.

लिसावेताने मेणबत्ती पेटवली. "दोच्का," ती म्हणाली, "मिंचोची मुलगी. ओर्याहोवोची."

दोच्काला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मारिनची बायको नाही, बेकेताची नाही. तिला तिच्या बापाच्या नावाने हाक मारली होती, लग्नाआधी मारायचे तशी.

"आई, पलंग आउरिकाचा आहे. यादीत—"

"यादी माझी."

"पण घरच्या माणसाला—"

"म्हणूनच," लिसावेता म्हणाली.

आउरिकाचा चेहरा उतरला. "आणि मला काय, मावशी?"

"तुला घर हवंय ना? मिळेल. पण घराबरोबर त्यातली म्हातारीही घ्यावी लागते. उद्यापासून माझी खोली झाडायला ये." मग ती पुन्हा दोच्काकडे वळली, आणि आवाज खाली आणून बोलली, पण अंगण इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "हा तुझ्या भावाच्या गाडीत घाल आणि घेऊन जा. त्या खोलीत टाक, चुना दिलाय म्हणतो ना. आणि रोज त्यावर झोप. तू झोपलीस तरच मला वर झोप मिळेल. इथे माझ्या उशाशी जागून तू मला काय देणार?"

"मी मारिनला शब्द दिलाय. आईला टाकणार नाही म्हणून."

"मग टाकू नकोस. मेलेल्याला कोण टाकतं? चाळीस खांबांवर लिहिलंय तुझ्या गावात. मी गेले. तुझा शब्द पुरा झाला." मेण ओघळून म्हातारीच्या बोटावर आलं होतं, तरी तिने हात हलवला नाही. "घे लवकर. हात दुखतो माझा."

दोच्काने कितीदा हा क्षण मनात रंगवला होता, की कुणीतरी म्हणेल, जा. तेव्हा आपण काय करू, बोट पकडायला धावू की काय, याचाही विचार तिने केला होता. आता तो आला तर तिला फक्त इतकंच दिसत होतं की मेणबत्ती घेतली की आपण या घरच्या राहत नाही. न घेतली तर म्हातारी भर अंगणात हात पुढे करून उभी, आणि वर जमिनीवर झोपणार. रागाने देतेय की मायेने, हे तिला तोंड बघून ओळखता येईना. बहुधा दोन्ही होतं, आणि लिसावेतालाही ते वेगळं करता आलं नसतं.

तिने मेणबत्ती घेतली. रजईला हात लावला.

"देव क्षमा करो," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मारिनच्या दफनाच्या वेळीही ती या लोकांसमोर रडली नव्हती.

"करो," लिसावेता म्हणाली आणि खुर्चीत बसली.

नंतर सगळे जेवायला टेबलाकडे सरकले. गेंचो आणि शेजाऱ्याने पलंग सुटा करून गाडीत चढवला; मास्तर त्यांना मधे मधे शिकवत होता. दोच्का डोळे पुसून सवयीप्रमाणे चुलीकडे गेली आणि तिने सुपाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. आउरिका मागून आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरा अवघडल्यासारखं झालं होतं. तिने दोच्काच्या हातातून पळी काढून घेतली.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "ज्याला पलंग दिला त्याने त्या दिवशी त्या घरात वाढायचं नसतं. मावशीने सांगितलंय."

दोच्का राद्का मावशीशेजारी बाकावर जाऊन बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना. तिनेच रांधलेलं सूप आउरिकाने तिच्यापुढे ठेवलं. मीठ कमी होतं. मीठ कुठल्या फळीवर आहे ते साऱ्या अंगणात तिलाच ठाऊक होतं, पण उठायची सोय नव्हती.

टेबलाच्या टोकाशी लिसावेता बसली होती. तिने गेंचोला पाव दिला, राद्का मावशीच्या वाटीत कोंबडीचा एक पाय वाढायला सांगितला. मग तिची नजर दोच्कावर आली.

"घ्या ना," ती म्हणाली. "लाजू नका. पोटभर जेवा, तुम्हाला पलीकडे जायचंय."